छोटं विमान घेऊन फ्लाइट स्कूलला भाड्याने द्यायचंय? आधी शाळा बघा, मग विमान

अमेरिकेतल्या मराठी ओळखीपाळखीत हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. विचारणाऱ्याला इथे येऊन दहा-पंधरा वर्षं झालेली असतात, घर स्थिरावलेलं असतं आणि प्रायव्हेट पायलटचं लायसन्स नुकतंच हातात पडलेलं असतं. शाळेच्या काउंटरवर कुणीतरी म्हणालेलं असतं, "तुम्ही विमान घ्या, आम्ही ते विद्यार्थ्यांना भाड्याने देतो, तुमचा हप्ता त्यातूनच सुटेल." या व्यवहाराला इथे लीजबॅक म्हणतात. विमान तुमच्या मालकीचं राहतं, शाळा ते शिकवण्यासाठी आणि भाड्याने चालवते, आणि भाड्यातला आपला वाटा कापून उरलेली रक्कम महिन्याच्या महिन्याला तुम्हाला देते.

माझं लहानपण ओझरजवळ गेलं. डोक्यावरून मिग गेलं की वर्गातला एकूण एक मुलगा खिडकीकडे बघायचा. त्यामुळे विमान घेण्याची ओढ काय असते हे मला कुणी समजावून सांगायला नको. गेली सहा वर्षं माझं सेसना १७२ न्यू जर्सीतल्या एका शाळेत चालतंय. त्या अनुभवातून एक गोष्ट आधीच सांगतो: हप्ता त्यातून सुटत नाही. पण विमान सतत उडतं राहतं, उभ्या विमानाचं इंजिन गंजतं तसं त्याचं गंजत नाही, ठरलेले खर्च वाटले जातात आणि माझं स्वतःचं उडणं परवडतं. एवढ्यासाठी करायचं असेल तर पुढचं वाचा. महिन्याची मिळकत म्हणून करायचं असेल तर खालचा हिशेबाचा भाग आधी वाचा आणि मग ठरवा.

पहिली पायरी: शाळा

बहुतेक जण आधी विमानांच्या जाहिराती चाळायला लागतात, तिथेच चूक होते. कुठलं विमान घ्यायचं हे शाळेला कशाची गरज आहे यावर ठरतं. शाळेकडे चार जुनी सेसना असतील आणि इन्स्ट्रुमेंट (म्हणजे बाहेर न दिसता फक्त उपकरणं बघून उडणं) शिकणाऱ्यांना एकच विमान पुरवावं लागत असेल, तर तुम्ही आणलेलं पाचवं जुनं सेसना टायडाउनवर (विमान दोरांनी बांधून ठेवायच्या उघड्या जागेवर) उभं राहील.

दोन-तीन शाळा निवडा आणि शनिवारी सकाळी जाऊन बसा. त्यानंतर एखाद्या मंगळवारी दुपारी परत जा. शनिवारी सगळ्याच शाळांत गर्दी असते, खरी शाळा मंगळवारी कळते. आरक्षणाचं वेळापत्रक दाखवायला सांगा, आणि गेल्या बारा महिन्यांत प्रत्येक विमान किती तास उडलं ते विचारा. आकडे द्यायला टाळाटाळ झाली तर पुढे जायचं कारण नाही.

मग प्रशिक्षकांची चौकशी करा. २००९ साली बफेलोजवळ कोल्गन एअरचा अपघात झाला. त्यानंतर नियम बदलले आणि २०१३ पासून एअरलाइनच्या फर्स्ट ऑफिसरलाही (सहवैमानिकालाही) एटीपी, म्हणजे एअरलाइन पायलटचं सर्टिफिकेट लागू लागलं. त्यासाठी साधारणपणे १५०० तास भरावे लागतात, म्हणून बरेच तरुण पायलट तास जमवायला प्रशिक्षक होतात आणि तास भरले की एअरलाइनला जातात. त्यात वावगं काही नाही. पण एका उन्हाळ्यात तीन प्रशिक्षक गेले आणि नवे आले नाहीत तर विद्यार्थी असूनही तुमचं विमान उभं राहतं. मुख्य प्रशिक्षक किती वर्षं तिथे आहे, हे मी सगळ्यात आधी विचारतो.

शाळेला एम-१ (व्यावसायिक शिक्षणाच्या) व्हिसाच्या परदेशी विद्यार्थ्यांची मान्यता आहे का तेही बघा. हे विद्यार्थी पूर्णवेळ शिकतात, आठवड्याच्या मधल्या दिवशीही उडतात. डीजीसीएच्या (भारताच्या हवाई वाहतूक खात्याच्या) व्यावसायिक लायसन्सला २०० तास लागतात, त्यासाठी भारतातून येणारी मुलंही यात असतात. माझ्या विमानावर नागपूरचा एक मुलगा इन्स्ट्रुमेंट रेटिंग करून गेला. त्या चार महिन्यांत विमान जेवढं उडलं तेवढं एरवी आठ महिन्यांत उडत नाही.

सगळ्यात कामाची माहिती मिळते ती त्याच शाळेला विमान दिलेल्या दुसऱ्या मालकांकडून. पैसे वेळेवर येतात का, दुरुस्तीचं बिल आधी सांगून येतं की नंतर कळतं, आणि शाळेची स्वतःची विमानं असतील तर आरक्षण आधी कुणाला मिळतं, हे त्यांना विचारा. शाळेच्या स्वतःच्या विमानातलं पूर्ण भाडं तिच्याकडेच राहतं. तुमच्यातला वाटा तिला तुम्हाला द्यावा लागतो. त्यामुळे मोकळा विद्यार्थी आला की त्याला कुठलं विमान मिळतं, हे बघावंच लागतं.

दुसरी पायरी: विमान तुमच्या नावावर होऊ शकतं का?

आपल्या लोकांना याची कल्पना नसते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. अमेरिकेत एन-नंबरची, म्हणजे विमानाच्या क्रमांकाची, नोंदणी ओक्लाहोमा सिटीतल्या एफएएच्या (अमेरिकेच्या हवाई वाहतूक खात्याच्या) नोंदणी शाखेत होते. व्यक्तीच्या नावावर विमान नोंदवायचं तर ती अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावी लागते. एच-१बी वर असताना ते थेट तुमच्या नावावर होत नाही.

ग्रीन कार्डवाल्यांसाठी एक खड्डा आहे. वकील आणि मित्र दोघंही म्हणतात, "एलएलसी काढ, जबाबदारीपासून संरक्षण मिळेल." एलएलसी म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, सल्ला चांगलाच आहे. पण एफएए कंपनीला अमेरिकी नागरिक कधी मानतं? अध्यक्ष नागरिक हवा, संचालक आणि व्यवस्थापनातल्यांपैकी दोन-तृतीयांश नागरिक हवेत, आणि मतदानाचा किमान ७५ टक्के हक्क नागरिकांच्या हाती हवा. एलएलसीलाही हीच फूटपट्टी लावतात. म्हणजे फक्त ग्रीन कार्डधारकाची एलएलसी या कसोटीला उतरत नाही, जरी तोच माणूस स्वतःच्या नावावर विमान घेऊ शकतो. भागीदारीत तर प्रत्येक भागीदार नागरिकच असावा लागतो. दोन मित्रांनी मिळून घ्यायचं ठरवलं आणि एकाचं ग्रीन कार्ड असलं, तर विमान बघायला जाण्याआधी विमान-व्यवहारातल्या वकिलाला गाठा. नागरिक विश्वस्त असलेल्या ट्रस्टचा मार्ग असतो, पण त्याचा वार्षिक खर्च छोट्या विमानाला जड जातो.

व्हिसावर असाल तर दुसरंही पाहावं लागतं. विमानाचा धंदा स्वतः सांभाळणं हे काम करणं ठरतं का, हे इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

नोंदणी एकदा झाली की ती सात वर्षं चालते. २०२३ च्या जानेवारीपर्यंत ही मुदत तीन वर्षांची होती.

तिसरी पायरी: कुठलं विमान

शिकवण्याच्या कामाला सेसना १७२ इतकं सोयीचं विमान नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. १९५६ पासून बनतंय, चाळीस हजारांहून जास्त बनलीत, प्रत्येक मेकॅनिकला त्याची ओळख आहे आणि सुटे भाग मिळतात. मधे १९८६ ते १९९६ सेसनाने छोटी पिस्टन विमानं बनवणं थांबवलं होतं. म्हणून बाजारात एक जुनी पिढी दिसते आणि एक नवी, मधलं दशक गायब.

जुन्यांत १९७७ ते १९८० चं एन मॉडेल आणि १९८१ पासूनचं पी मॉडेल, दोन्ही १६० अश्वशक्तीची. एन मॉडेलमधल्या एच२एडी इंजिनाचं कॅमशाफ्ट आणि टॅपेट (व्हॉल्व्ह हलवणारे भाग) लवकर झिजण्याचं जुनं दुखणं आहे. रोज उडणाऱ्या आणि वेळेवर तेल बदललेल्या विमानात ते बऱ्यापैकी आटोक्यात राहतं, महिनोन्महिने हँगरमध्ये पडून राहिलेल्या विमानात ते उफाळून येतं. या विमानांतल्या लायकोमिंगच्या इंजिनात कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो. विमान उभं राहिलं की त्यावरचं तेल निथळून जातं आणि गंज चढतो. 'फारच कमी तास उडालेलं, एकाच मालकाचं' असं जाहिरातीत वाचलं की बाकीचे हरखतात, मी सावध होतो. नव्या पिढीत १८० अश्वशक्तीचं एस मॉडेल उत्तम, पण महाग.

पायपरच्या वॉरियर आणि आर्चरही शिकवायला छान. २०१८ मध्ये डेटोना बीचला प्रशिक्षणाच्या उड्डाणात एका पायपरचा पंख तुटला. त्यानंतर या घराण्यातल्या अनेक विमानांच्या पंखांच्या मुख्य तुळईच्या बोल्टची भोकं एडी करंटने (विजेच्या प्रवाहाने भेगा शोधायच्या पद्धतीने) तपासणं एफएएने बंधनकारक केलं. ते झालंय की नाही, कधी झालं, हे लॉगबुकमध्ये दिसलंच पाहिजे. सेसनात तशी सीटच्या रुळांची तपासणी आहे: रूळ झिजला तर उड्डाण घेतानाच सीट मागे सरकते आणि पायलटच्या हातातून कंट्रोल सुटतात.

सेसना १५२ स्वस्त आहे आणि पेट्रोलही कमी पितं. पण टाक्या भरल्या आणि दोन भरदार माणसं बसली की वजन मर्यादेच्या वर जातं. शाळेने स्वतः मागितलं तरच त्याचा विचार करा.

रंग, गालिचे, चामड्याच्या सीट यांवर पैसे घालू नका. विद्यार्थ्याला बसवून शिकवता येईल असं नेटकं विमान हवं, एडीएस-बी (विमानाची जागा आपोआप कळवत राहणारं यंत्र) हवं कारण १ जानेवारी २०२० पासून बहुतेक गजबजलेल्या हवाई क्षेत्रांत त्याच्याशिवाय जाता येत नाही, आणि इन्स्ट्रुमेंट अप्रोचला, म्हणजे उपकरणांच्या आधारे उतरायला, चालणारं डब्ल्यूएएएस (जास्त अचूक) जीपीएस हवं. हे शेवटचं असलं की प्रायव्हेटचा आणि इन्स्ट्रुमेंटचा असे दोन्ही विद्यार्थी तेच विमान घेतात.

चौथी पायरी: घेण्याआधीची तपासणी

'घर पाहावं बांधून' म्हणतात, तसं विमान पाहावं उघडून. विक्रेत्याचा मेकॅनिक कितीही सज्जन असला तरी त्याने गेली पाच वर्षं ज्याची वार्षिक तपासणी केलीय तेच विमान त्याला पुन्हा तपासायला सांगू नका. जो मेकॅनिक पुढे शाळेत विमान सांभाळणार आहे त्यालाच घेऊन जाता आलं तर सर्वात बरं. त्याने एकदा विमान बघून होकार दिला की पुढे 'हे आधीपासूनच खराब होतं' हा वाद उरत नाही.

तपासणीत सिलिंडरचं काॅम्प्रेशन बघतात. ८० पौंड दाबाची हवा भरून किती टिकते ते मोजतात, म्हणून आकडा '८० पैकी ७२' असा येतो. पण तेवढ्यावर थांबू नका. बोरस्कोप (बारीक कॅमेरा) घालून व्हॉल्व्ह बघायला सांगा, तेलाचा फिल्टर कापून त्यात धातूचे कण आहेत का बघायला सांगा, आणि जमलं तर एक सिलिंडर काढून कॅमशाफ्ट डोळ्यांनी बघा. यात विक्रेता नाराज होतो, त्याची नाराजी सोसा.

लॉगबुकं पहिल्या दिवसापासूनची हवीत. ती हरवली असतील तर एफएएकडून विमानाच्या मोठ्या दुरुस्त्यांची आणि बदलांची नोंद मागवता येते, पण किंमत मात्र खाली आली पाहिजे. मी एक सुंदर विमान याच कारणाने सोडलं. पंखाच्या पत्र्याची शिवण एका बाजूला वेगळी दिसत होती आणि त्या काळातलं एक लॉगबुक नेमकं नव्हतं. विक्रेता म्हणाला, घर बदलताना गेलं. असेलही. पण त्या पंखाखाली मी विद्यार्थी बसवणार होतो.

ओक्लाहोमा सिटीतून टायटल सर्च (मालकी आणि बोज्याची तपासणी) करून घ्या. जुन्या मालकाचं कर्ज किंवा मेकॅनिकचं थकलेलं बिल विमानावर बसलेलं असू शकतं. पैसे एस्क्रोमार्फतच (मधल्या तटस्थ खात्यातूनच) द्या. हे सगळं मिळून दीड-दोन हजार डॉलर जातात, आणि माझ्या मते संपूर्ण व्यवहारात याहून चांगले खर्च झालेले पैसे नाहीत.

पाचवी पायरी: हिशेब

ही पायरी सावकाश वाचा. आकडे उदाहरणादाखल घेतलेत. तुमच्या विमानतळावरचे आकडे टाकून हीच मांडणी पुन्हा करा.

समजा विमान १,५०,००० डॉलरचं. वीस टक्के स्वतःचे, उरलेल्या १,२०,००० चं १५ वर्षांचं ८ टक्क्यांनी कर्ज. हप्ता महिन्याला १,१४७ डॉलर, वर्षाला सुमारे १३,७६०.

भाडं तासाला १७५ डॉलर, पेट्रोलसकट. शाळेने २० टक्के ठेवले, म्हणजे तुमच्याकडे १४०. पेट्रोल आठ गॅलन, साडेसहा डॉलरने ५२. उरले ८८. शंभर तासांची तपासणी आणि तेल बदलणं मिळून तासाला २४. उरले ६४. इंजिनाचं ओव्हरहॉल (पूर्ण उघडून नव्यासारखं करणं) ४०,००० डॉलरला धरलं आणि ते २००० तासांनी येणार, तर तासाला २० बाजूला काढायचे. उरले ४४. टायर, ब्रेक, मॅग्नेटो, रेडिओ, पुढच्या चाकाची थरथर अशा किरकोळ गोष्टींना १८. हातात राहिले २६ डॉलर.

वर्षाला ४५० तास उडलं तर ११,७००. त्यातून विमा ६,५००, टायडाउन १,८००, वार्षिक तपासणीचा जादा खर्च २,५०० आणि कर वगैरे ७००, असे ११,५०० जातात. वर्षाअखेर हातात २०० डॉलर, आणि हप्ता अजून दिलेलाच नाही. ७०० तास उडलं, जे चांगल्या शाळेतही सहज होत नाही, तरी ६,७०० उरतात. हप्त्याच्या निम्मेच.

इंजिनाचे ते २० डॉलर बरेच जण हिशेबात धरतच नाहीत. मग पहिली चार वर्षं धंदा फायद्यात दिसतो आणि पाचव्या वर्षी चाळीस हजारांचं बिल समोर येतं. माझं ठाम म्हणणं आहे की ते पैसे दर महिन्याला वेगळ्या खात्यात जायला हवेत. घरखर्चाच्या खात्यात राहिले की ते मुलांच्या फीमध्ये जातात.

मग फायदा कुठे? तुम्ही स्वतः वर्षाला साठ तास उडत असाल, तर शाळेचं विमान भाड्याने घेऊन १०,५०० डॉलर जातात. तुमच्याच विमानात तासाला पेट्रोल, तपासणी, इंजिन आणि किरकोळ मिळून ११४, म्हणजे ६,८४०. शिवाय विमा, टायडाउन, वार्षिक तपासणी हे ठरलेले खर्च विद्यार्थ्यांच्या तासांतून निघालेले असतात. कर्ज न काढता किंवा थोडं काढून घेतलं तर हे गणित बसतं. पूर्ण कर्जावर ते बसत नाही.

सहावी पायरी: करार

शाळा तिचा छापील करार पुढे करते. त्यातलं प्रत्येक वाक्य बदलता येतं, हे लक्षात ठेवा.

सगळ्यात आधी पैसे कुठल्या मीटरवर मोजणार ते बघा. हॉब्स मीटर इंजिन सुरू झालं की घड्याळासारखं चालतं. टॅक इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो, त्यामुळे धावपट्टीकडे रांगत जाताना किंवा रांगेत उभं असताना तो मागे राहतो. विद्यार्थ्याला हॉब्सने १.३ तासांचं बिल लागतं तेव्हा टॅकवर १.१ दिसू शकतं. शाळा भाडं हॉब्सने घेऊन तुम्हाला टॅकने देत असेल तर तो फरक वर्षभरात काही हजार डॉलर होतो. उलट तपासणीचे आणि इंजिनाचे तास टॅकवर मोजले तर ते तुमच्या बाजूने जातं.

दुसरं, दुरुस्तीची परवानगी. 'अमुक डॉलरपर्यंत शाळेने करावं, त्यावर मला फोन करून विचारावं' हे लिहून घ्या. मी ३०० ठेवलेत. दुरुस्तीचा दर काय, बाहेरच्या मेकॅनिककडे न्यायचा हक्क तुम्हाला आहे की नाही, हेही त्यातच यावं.

तिसरं, विद्यार्थ्याच्या हातून नुकसान झालं तर विम्याची वजावट (दाव्यातला स्वतः भरायचा भाग) कोण भरणार. तिसऱ्या वर्षी माझ्या विमानाने उसळत उसळत नाकावर लँडिंग केलं आणि प्रोपेलरची टोकं जमिनीला लागली. मुलगा सुखरूप उतरला, त्याला खरचटलंही नव्हतं, आणि त्या दिवशी दुसरं काही महत्त्वाचं नव्हतं. पण प्रोपेलर जमिनीला लागला की इंजिन पूर्ण उघडून तपासावं लागतं. अकरा आठवडे विमान उभं होतं. विम्याने प्रोपेलर आणि उघडण्या-जोडण्याचा खर्च दिला, आतले आधीच झिजलेले भाग माझ्या खिशातून गेले, आणि त्या अकरा आठवड्यांचं भाडं कुणीच दिलं नाही. वजावटीबद्दल करारात एक शब्द नव्हता, त्यामुळे तीही मीच भरली. आता आमच्या करारात लिहिलंय की ती भाड्याने घेणाऱ्याने किंवा शाळेने भरायची, आणि शाळा प्रत्येक विद्यार्थ्याकडून स्वतःचा नॉन-ओनर (भाड्याचं विमान उडवणाऱ्याचा) विमा घेतला असल्याची प्रत मागते.

चौथं, तुमचं स्वतःचं उडणं. महिन्यातून किती शनिवार-रविवार, किती दिवस आधी सांगून. हे नंतर तोंडी ठरवू म्हणाल तर ऑक्टोबरच्या रंगीत झाडांच्या दिवसांत विमान तुम्हाला मिळणार नाही.

पाचवं, विमान थांबवण्याचा हक्क. एखादी तक्रार तुम्हाला धोक्याची वाटली तर विमान जमिनीवर ठेवण्याचा तुमचा शब्द शेवटचा असावा. याला नकार देणाऱ्या शाळेला मी विमान देणार नाही.

सहावं, बाहेर पडण्याची वाट: कारण न देता तीस दिवसांची नोटीस, दोन्ही बाजूंना. तासांची हमी मागून बघा, पण बहुतेक शाळा ती देत नाहीत.

सातवी पायरी: विमा आणि जबाबदारी

तुमचा घरगुती वापराचा विमा इथे चालत नाही. शिकवणं आणि भाड्याने देणं यांचा व्यावसायिक विमा वेगळा असतो आणि कितीतरी महाग असतो. शाळेच्या पॉलिसीत तुमचं विमान घालायचं असेल तर तुमचं नाव त्यात विमाधारक म्हणून आहे का ते पॉलिसीच्या कागदावर बघा. फोनवरच्या 'हो, आहे' वर विसंबू नका. दहा लाख डॉलरच्या दायित्वात प्रत्येक प्रवाशामागे एक लाखाची मर्यादा बहुधा आत दडलेली असते, तीही वाचा.

विमानाची ठरवलेली किंमत बाजारभावाजवळ ठेवा. विम्याचा हप्ता वाचवायला कमी लावली तर मध्यम अपघातातच कंपनी विमान 'पूर्ण नुकसान' ठरवून मोकळी होते, आणि दुरुस्त होण्यासारखं विमान तुमच्या हातून जातं.

ज्याच्या ताब्यात विमान नाही अशा मालकाला, किमान तीस दिवसांचा करार असेल तर, संघराज्याचा कायदा अपघाताच्या दायित्वातून बऱ्याच अंशी संरक्षण देतो. राज्यांची न्यायालयं मात्र त्याचा अर्थ सारखा लावत नाहीत, आणि देखभालीत तुमची स्वतःची हयगय असेल तर तो ढाल होत नाही. म्हणून विमा आणि एलएलसी दोन्ही लागतात.

आठवी पायरी: कर

"तोटा झाला तरी पगारातून वजा होतो" हे तुम्हाला कुणीतरी सांगेलच. भाड्याने दिलेली मालमत्ता आयआरएस (अमेरिकेचं कर खातं) मुळातच 'पॅसिव्ह' (स्वतः राबावं न लागणारी) धरतं, आणि पॅसिव्ह तोटा पगारातून वजा होत नाही, पुढच्या वर्षांसाठी साठत राहतो. अपवाद आहेत, पण नोकरी सांभाळून त्यात बसणं कठीण. घसारा एकदम मोठा घेता येतो हे खरं, पण विमान विकताना किंमत चांगली आली तर घेतलेला घसारा उत्पन्न म्हणून परत येतो आणि त्यावर कर लागतो.

विक्रीकराचं मात्र विमान घेण्याच्या आधीच बघा. न्यू जर्सीत ६.६२५ टक्के, म्हणजे दीड लाखावर जवळपास दहा हजार डॉलर. बऱ्याच राज्यांत पुढे भाड्याने देण्यासाठी घेतलेल्या विमानावर खरेदीच्या वेळी कर न भरता भाड्यावर तो गोळा करण्याची सोय असते, पण तिचे कागद खरेदीआधी तयार लागतात. डेलावेअर किंवा ओरेगनमध्ये व्यवहार केला की कर चुकतो या समजावर राहू नका. विमान घरच्या राज्यात आणलंत की ते राज्य वापरकर मागतं. या कामाला विमानांचे व्यवहार केलेलाच सीपीए (हिशेब आणि कराचा सल्लागार) हवा. घरभाड्याचे हिशेब उत्तम करणारा माणूस इथे पुरत नाही.

विमान शाळेत गेल्यावर

पहिले तीन महिने दर आठवड्याला जा. स्क्वॉक शीट वाचा, म्हणजे विद्यार्थ्यांनी आणि प्रशिक्षकांनी लिहिलेल्या तक्रारी. एकच तक्रार तीनदा आली आणि तिच्यापुढे सही नाही असं दिसलं तर तिथेच मेकॅनिकशी बोला. काच पुसा, टायर बघा, तेलाचा रंग बघा. मालक स्वतः येऊन पंखाखाली वाकतो हे दिसलं की प्रशिक्षकही तेच विमान जरा जपून वापरतात. विद्यार्थ्यांशी बोला. कुठल्या दाराची कडी अडकते, कुठल्या हेडसेटच्या सॉकेटमध्ये खरखर येते, हे त्यांना मेकॅनिकच्या आधी कळतं.

दर ५० तासांनी तेल बदलताना नमुना प्रयोगशाळेत पाठवा आणि अहवाल एका फाइलमध्ये ठेवा. एका अहवालातून फारसं कळत नाही. सहा अहवाल ओळीने ठेवले की लोखंडाचा आकडा वर सरकताना दिसतो.

शंभर तासांची तपासणी भाड्याने शिकवणाऱ्या विमानाला बंधनकारक आहे. तपासणीच्या ठिकाणी पोचण्यासाठी दहा तासांपर्यंत सूट मिळते, पण ती पुढच्या शंभरातून वजा होते आणि शिकवण्यासाठी वापरता येत नाही. म्हणून ८५ तासांना मेकॅनिकची तारीख घेऊन ठेवा, शक्यतो पावसाळी हवेच्या आठवड्यात, म्हणजे विमान तसंही उडणार नसतं. ट्रान्सपॉंडर (रडारला उत्तर देणारं यंत्र) दर २४ महिन्यांनी आणि ईएलटी (अपघातात संकेत पाठवणारं यंत्र) दर १२ महिन्यांनी तपासायचा असतो. या तारखा शाळेच्या भिंतीवर असतातच, तुमच्या फोनमध्येही टाका.

इंधनाकडेही लक्ष ठेवा. शिशाचं १००एलएल पेट्रोल या दशकाच्या शेवटापर्यंत घालवायचं उद्दिष्ट आहे आणि काही विमानतळांनी ते आधीच बंद केलंय. कॅलिफोर्नियातल्या रीड-हिलव्ह्यूवर २०२२ च्या सुरुवातीला त्याची विक्री थांबवली. तुमच्या विमानतळावर कुठलं नवं पेट्रोल येणार आणि तुमच्या इंजिनाला ते मान्य आहे का, हे शाळेच्या मालकाला आत्ताच विचारून ठेवा.

आणि इंजिन १६०० तासांना आलं की बसून ठरवा: ओव्हरहॉल करून आणखी पाच वर्षं चालवायचं की तसंच विकायचं. १९०० तासांना हा विचार सुरू केला तर ओव्हरहॉलवाल्यांकडे कित्येक महिन्यांची रांग असते, आणि घेणारा उरलेल्या तासांचे पैसे कापूनच भाव सांगतो. माझं इंजिन सध्या १५४० वर आहे. पुढच्या महिन्यात मी दोन ठिकाणांहून ओव्हरहॉलचे भाव मागवतोय.